‘ब्लीड एअर’ला मराठीत काय म्हणायचं? (हेलिकॉप्टरचा केबिन हीटर)

मधलीओळ
मंडळी, अडकलेय. हेलिकॉप्टरच्या केबिन हीटरची देखभाल कशी करायची यावरची एक पुस्तिका मराठीत करतेय, शिकाऊ मेकॅनिकांसाठी. पाच-सहा पानं सुरळीत झाली आणि मग ‘ब्लीड एअर’ आली. वाक्य साधंच आहे, कामाला हात घालण्याआधी ब्लीड एअर व्हॉल्व बंद असल्याची खात्री करा. मी लिहिलं ‘हवा काढण्याचा व्हॉल्व’. ज्यांना तपासायला दिलं ते म्हणाले, अगं हा तर ब्रेकमधली हवा काढायचा निपल वाटतोय, पाइपात अडकलेली नको ती हवा बाहेर सोडतात तो. आणि इथे बरोब्बर उलटं आहे, ही हवा हवी आहे म्हणून मुद्दाम घेतलेली आहे! ‘सोडलेली हवा’, ‘गळती हवा’ सगळं लिहून खोडलं. गळती म्हटलं की तर बिघाडच वाटतो. कोणी वापरातला शब्द सांगेल का?

पाना१३
मधलीओळताई, एकच शब्द दोन कामं करतोय म्हणून हा घोळ झालाय. ब्रेक ब्लीड करताना ऑइलमधले हवेचे फुगे काढून टाकतात, ती हवा म्हणजे कचरा. टर्बाइन इंजिनात मात्र कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतला थोडा वाटा जळायला पुढे जाऊ न देता बाजूनेच काढून घेतात, ती ब्लीड एअर. दाबल्यामुळे ती तापलेलीच असते, सायकलमध्ये जोरजोरात हवा भरली की पंपाचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच, फक्त इथे पूर्ण पॉवरला दोनशे अंश सेल्सियसच्या वर जातं. तशी ती केबिनमध्ये सोडता येत नाही म्हणून मिक्सिंग व्हॉल्वमध्ये तिच्या झोताबरोबर बाहेरची थंड हवा ओढली जाते आणि दोन्ही मिसळून पायाशी नि पुढच्या काचेवर येते. आम्ही हँगरमध्ये नुसतं ‘ब्लीड’ म्हणतो. ‘ब्लीड बंद केलास का रे?’ एवढंच. कोणाचा गैरसमज झालेला मी तरी पाहिला नाही.

मधलीओळ
दादा, तुमचा होत नाही कारण तुम्ही ते यंत्र आतून पाहिलंय. ज्याने फक्त गाडीचे ब्रेक पाहिलेत त्याचं काय? तो ‘ब्लीड’ वाचून हवा सोडायलाच जाणार.

निरुक्तप्रेमी
आपल्याकडे याला चांगली कल्पना आहे की. नदीचं पाणी वाहत असतं, त्यातला थोडा वाटा बाजूने वळवून शेताला देतात, त्याला पाट काढणं म्हणतात. नदी तीच, पाणी तेच, पण वाट वेगळी. कॉम्प्रेसर ही नदी समजा, ही ‘पाटाची हवा’. ‘पाटहवा’ असा जोडशब्दही छान होतो. शिवाय यात एक गोष्ट आपोआप कळते, की पाटाला जास्त पाणी घेतलं तर खाली नदीला कमी उरतं. हीटर चालू केला की इंजिनाची ताकद उतरते ना, मग तोच अर्थ झाला.

उंचावरून
उतरते, शंभर टक्के. हीटर चालू केला की टर्बाइनच्या तापमानाचा काटा वर सरकलेला समोर दिसतो. म्हणून जिथे सगळी ताकद लागणार, भरलेलं हेलिकॉप्टर उचलताना किंवा उंच डोंगरावर उतरताना, तिथे हीटर बंद. पाटहवा मला आवडला. कारण हा शब्द माहीत असता तर आमचा एक महिना वाचला असता. पॉवर चेकला, म्हणजे इंजिन पुरेशी ताकद देतं का ते बघताना, आकडे कमी येत होते, सगळे इंजिनावर संशय घेऊन बसलेले, कॉम्प्रेसर धुऊन झाला, गेज बदलून झाले. शेवटी कळलं की हीटरचा व्हॉल्वच पूर्ण मिटत नव्हता, बटण बंद दाखवत होतं आणि हवा मात्र चाललेली. म्हणजे पाटाचं दार फटीएवढं उघडं.

संज्ञापक
उपमा सुंदर आहे पण उपमा म्हणजे संज्ञा नव्हे. संज्ञेतून पुढचे शब्द निघाले पाहिजेत. ‘अपवाहित हवा’ घ्या, मग अपवाहन ही क्रिया, अपवाहक ही नळी, अपवाह-झडप म्हणजे तो व्हॉल्व. एका मुळातून सगळं कुटुंब उभं राहतं. ‘पाटहवा’चं क्रियापद काय करणार? ‘पाटवणे’? आणि व्हॉल्व, हीटर, डक्ट हे जसेच्या तसे ठेवायचे असतील तर भाषांतर कशाला, लिप्यंतर म्हणा. झडप, तापक, वाहिनी आहेत ना आपले.

साधीभाषा
तापक कोण म्हणतं? मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. घरी दारी सगळे हीटरच म्हणतात. आणि झडप म्हटलं की वर जाऊन खाली पडणारं काहीतरी डोळ्यापुढे येतं, काही व्हॉल्व गोल फिरतात, काही सरकतात. तुम्ही ‘अपवाहित हवा’ मधला ‘हवा’ तसाच ठेवलात, तो शब्द अरबी आहे. ‘दुरुस्ती’ हा शब्द फारसी. त्यांना चारशे वर्षं झाली म्हणून ते आपले आणि व्हॉल्वला शंभर झाली म्हणून तो परका?

संज्ञापक
हवा आपली झाली हे मान्य. पण शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तेव्हाही फारसी शब्द लोकांच्या तोंडात बसलेलेच होते. महापौर, दिग्दर्शक हेही कोणीतरी घडवले, पहिल्या दिवशी जडच वाटले असणार. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही, आणि रुळला नाही म्हणून वापरायचा नाही, हे फिरून तिथेच येणं झालं. मला मनापासून वाटतं की यंत्राची भाषा आपण सोडून दिली तर उद्या मराठीत फक्त कविता आणि भांडणं उरतील.

पाना१३
भाषेबद्दलची तुमची तळमळ समजते, पण हेलिकॉप्टरच्या पॅनेलवर, पाइपावरच्या पट्टीवर, पार्टच्या डब्यावर सगळीकडे इंग्रजीच असतं. मुलगा पुस्तिकेत अपवाह-झडप वाचणार आणि समोर त्या नावाचं काही दिसणारच नाही. चुकीचा पार्ट काढला तर? शब्दाला भाव खाऊ द्या पण हाताला गोंधळवू नका.

मधलीओळ
माझी भीती हीच आहे. बरं, याच पानावर आणखी एक अडचण आहे, कॉम्प्रेसर धुण्याआधी ब्लीड बंद करा असं दिलंय. ते का?

पाना१३
नाहीतर धुण्याचं साबणपाणी पाइपातून हीटरमध्ये आणि तिथून केबिनमध्ये येतं. मग पुढचे कित्येक दिवस हीटर लावला की दमट, कुबट वास.

उंचावरून
वासाचा विषय निघालाच आहे तर माझं खूप दिवसांचं गाऱ्हाणं सांगतो. वैमानिक लॉगमध्ये लिहितो ‘हीटरमधून वास येतो’. संपलं. अरे पण कसला वास? इंग्रजीत लिहितात म्हणून सगळं एका ‘स्मेल’मध्ये कोंबतात आणि मराठी माणूस बोलताना कधीच नुसता वास येतो म्हणत नाही. मी आता इंजिनिअरला फोन करून मराठीत सांगतो. करपट, उबट, कुबट, तेलकट, उग्र, रबर जळल्यासारखा, प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो.

पाना१३
हे लाख बोललात! आमची अर्धी शोधाशोध याच्यावरच चालते. थंडीत पहिल्यांदा हीटर लावला आणि थोडा वेळ करपट वास येऊन गेला तर आत बसलेली धूळ जळतेय, गेला की विषय संपला. (बाकी वर्षभर हीटर हलवलाच नाही की व्हॉल्व जाम होतो, म्हणून उन्हाळ्यातही मधून मधून उघड-बंद करावा.) पण जळक्या तेलाचा वास असेल आणि ब्लीड बंद केल्यावर थांबत असेल तर कॉम्प्रेसरकडचं तेल अडवणारं सील तेल सोडतंय का ते बघायचं, ती हवा थेट तिथूनच येते. रबर जळल्यासारखा असेल तर हवा नेणारं डक्ट गरम पाइपाला टेकलंय किंवा जोड आवळून धरणारा क्लॅम्प सुटून चुकीच्या जागी गरम हवा मारतेय. केरोसिनसारखा उग्र असेल तर आधी विचारायचं की वारा मागून होता का, जमिनीवर उभं असताना मागून वारा आला की स्वतःचाच धूर आत येतो.

निरुक्तप्रेमी
उबट आणि कुबट एक नव्हेत हे नोंदवतो. उबट म्हणजे उबेत कोंडून राहिलेल्या वस्तूचा, घड्या घातलेल्या कपड्यांचा. कुबट म्हणजे ओल, कुजण्याकडे झुकलेला. आणि ‘ऊब’ हा ‘ऊष्मा’चाच नातलग असावा असं मला वाटतं. म्हणून मधलीओळताई, ‘केबिनमधील उष्णता’ ऐवजी ‘केबिनमधील ऊब’ लिहा. हीटरचं काम ऊब देणं आहे, उष्णता इंजिनात असते.

साधीभाषा
‘ऊब कमी पडत असल्यास मिक्सिंग व्हॉल्व तपासा’, हे वाक्य तांत्रिक पुस्तिकेत वाचवेल का? ऊब म्हणजे गोधडी, आईची कूस. तापमान आकड्यात मोजतात, ऊब नाही. आणि तुमच्या उबट-कुबट मधे आमच्या घरी काही फरक करत नाहीत, दोन्ही एकच.

उंचावरून
वासाबद्दल एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. वरचं सगळं टर्बाइनचं झालं. पिस्टन इंजिनवाल्या हेलिकॉप्टरला, रॉबिन्सन आर२२, आर४४ वगैरे, हीटरसाठी ब्लीड नसतेच. तिथे सायलेन्सरभोवती पत्र्याचं वेष्टण असतं, त्या फटीतून ताजी हवा फिरवतात आणि ती तापून केबिनमध्ये येते. सायलेन्सरला बारीकशी चीर गेली की धूर त्याच हवेत मिसळतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. डोकं दुखतं, सुस्ती येते, आणि वैमानिकाला वाटतं झोप कमी झाली. २१ जानेवारी २०१९ ला एमिलियानो साला हा फुटबॉलपटू ज्या छोट्या पायपर मालिबू विमानाच्या अपघातात दगावला त्या अपघाताच्या तपासात सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं होतं. ते हेलिकॉप्टर नव्हतं पण केबिन तापवायची पद्धत हीच, एक्झॉस्टच्या उष्णतेवरची. म्हणून ताई, तुमच्या पुस्तिकेत ‘वास आल्यास तपासा’ असं वाक्य असेल तर त्याच्या शेजारी लिहा की वास न येणं हा काही पुरावा नाही. पत्रा काढून सायलेन्सर डोळ्यांनी बघायचा, वेल्डिंगच्या कडा खासकरून, आणि केबिनमध्ये डिटेक्टर हवा. रंग बदलणारी चिकटपट्टी लावली असेल तर तिची मुदत बघा, जुनी झाली की ती काही दाखवत नाही.

मधलीओळ
लिहिते. मूळ मजकुरात ‘क्रॅक’ आहे, त्याला मी ‘भेग’ केलं होतं. चीर बरोबर का?

पाना१३
भेग जमिनीला, टाचेला. तडा काचेला, भिंतीला. पत्र्याला चीर. मी तरी असंच म्हणतो.

संज्ञापक
तडा धातूलाही जातो, ओतीव धातूला तर जातोच. चीर म्हणजे कापल्यासारखी, सरळ. तापून-थंडावून जी जाते ती तडाच.

निरुक्तप्रेमी
हीटरचा तिसरा प्रकार कोणी सांगितला नाही. काहींमध्ये स्वतंत्र छोटी भट्टी असते, तीत इंधन जळतं, मधल्या नळकांड्यात आग आणि बाहेरून हवा वाहते. ही तर सरळ आपल्या बंबाची रचना आहे, मधे आग नि भोवती पाणी, फक्त पाण्याऐवजी हवा. मी म्हणतो त्याला ‘हवेचा बंब’ म्हणावं. बंब शब्द पोर्तुगीज बोम्बावरून आला, त्याचा मूळ अर्थ पंप, म्हणून तर आगीचा बंब पाणी मारतो आणि अंघोळीचा बंब पाणी तापवतो.

पाना१३
बंब चालेल की! ते मधलं नळकांडं पातळ झालं किंवा त्याला छिद्र पडलं तर तोच धोका, धूर हवेत. म्हणून त्यात दाबाने हवा भरून दाब किती लवकर उतरतो ते बघतात. डोळ्यांना न दिसणारं छिद्र त्यात सापडतं. जास्त तापल्यावर बंद करणारा स्विच चालतो का तेही तपासायचं.

साधीभाषा
‘बंबाची दाबचाचणी’ वाचून शिकाऊ मुलगा अग्निशमन दलाला फोन करेल. मी मनापासून सांगतेय, हे शब्द आपल्याला बसून सुचतायत कारण आपल्याला ते यंत्र आधीच कळलंय.

मधलीओळ
सगळ्यांचे आभार, पण माझं पान अजून तिथेच आहे. सध्या पहिल्या ठिकाणी पूर्ण वाक्य लिहिलंय, ‘कॉम्प्रेसरमधून बाजूला काढून घेतलेली गरम दाबाची हवा, हिला पुढे ब्लीड म्हटले आहे’, आणि नंतर सगळीकडे ब्लीड. पण पुढे एका जागी मजकुरात खरोखरच ब्लीडच्या पाइपातला उरलेला दाब सोडून द्यायला सांगितलंय, म्हणजे ‘ब्लीड’ ब्लीड करा. तिथे काय लिहू?

पाना१३
‘ब्लीड लाइनमधला दाब उतरू द्या’. आणि पाइप गार झाल्याशिवाय क्लॅम्पला हात लावू नका हेही जोडा.

संज्ञापक
बघा, ‘अपवाह-नळीतील दाब उतरू द्या’ म्हटलं असतं तर ही अडचण आलीच नसती.

निरुक्तप्रेमी
पाटनळी. बाकी उबट-कुबटचं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत बघून सांगतो, साधीभाषाताईंच्या घरी फरक करत नसतील तर तसे वापरही नोंदवायला हवेत. अजून कोणाकडे दोन्ही एकाच अर्थाने म्हणतात?