मदत हवी आहे: उमेदवारांची मतं तक्त्यावर कशी मांडायची?

नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर 'डावा की उजवा' यावरून रोज वाद होतो, म्हणून डेव्हिड नोलन या अमेरिकन माणसाचा तक्ता वापरून बघायचं ठरवलं. एका अक्षावर वैयक्तिक स्वातंत्र्य, दुसऱ्यावर आर्थिक. प्रश्न आपलेच घेतलेत: 2015 पासूनची गोवंश हत्याबंदी, डान्सबार, डिसेंबर 2023 मधली कांदा निर्यातबंदी.

पण पहिल्याच प्रश्नाला अडकलो. गोवंशबंदी खाणाऱ्याच्या ताटाची बाब, की भाकड बैल विकू न शकणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशाची? दोन्हीकडे गुण कापावेत का? आणि कांद्याची निर्यात खुली करा म्हणणारा उमेदवार त्याच दमात हमीभावही मागतो, त्याला कुठे बसवायचं? (खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते शेतकरी नेते शरद जोशी असते तर सोपं गेलं असतं!)

दुसरी अडचण माहितीची. प्रतिज्ञापत्रात मालमत्ता आणि गुन्हे कळतात, मतं नाहीत. जाहीरनामा पक्षाचा, उमेदवाराचा नव्हे. विद्यमान आमदारांची सभागृहातली भाषणं तरी वाचता येतील, नवख्यांचं काय करायचं? थेट प्रश्नावली पाठवली तर उत्तरं येतात का हो? कुणी असा प्रयोग केला असेल तर प्रश्न कसे विचारले तेवढं सांगा.