नाकातून येणारे मेंदूचे पाणी: शस्त्रक्रिया लांबवावी का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
माझ्या आईचे वय 48 आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या फक्त डाव्या नाकपुडीतून, विशेषतः देवघर पुसायला वाकल्यावर, पाण्यासारखा पातळ आणि खारट स्राव टपकतो. डोक्याला कधी मार लागलेला नाही. बराच काळ ॲलर्जीची सर्दी समजून गोळ्या दिल्या गेल्या. आता बीटा-2 ट्रान्सफेरिन चाचणीत ते मेंदूभोवतीचे पाणीच असल्याचे निष्पन्न झाले असून दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. "थेंबच तर येतात, थोडे थांबू; कवटी उघडणार असतील तर नकोच," असे आई म्हणते. तिला काय सांगावे?

उत्तर (कान-नाक-घसा तज्ज्ञ, शाहूपुरी):
थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार न लागता सुरू झालेली गळती आपोआप क्वचितच बंद होते, आणि नाक व मेंदू यांच्यामधील हाडातले छिद्र उघडे असेपर्यंत नाकातील जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मोकळी राहते. त्यातून होणारा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) जिवावर बेतू शकतो. 1926 मध्ये अमेरिकन मेंदू-शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून अशी गळती बंद केली होती, परंतु आता सीटी आणि एमआरआयवर जागा निश्चित करून बहुतेक रुग्णांत नाकातूनच दुरुस्ती होते. मांडीतील स्नायूवरचे पातळ आवरण, चरबी किंवा नाकाच्या मधल्या पडद्याचे अस्तर लावून छिद्र बुजवतात, आणि बहुतांश रुग्णांची गळती पहिल्याच प्रयत्नात थांबते.

मात्र छिद्र का पडले, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. मध्यम वयाच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये डोक्यातील वाढलेला दाब हे नेहमी आढळणारे कारण आहे. शरीरात मेंदूभोवतीचे हे पाणी रोज सुमारे 500 मिलिलिटर तयार होते. गळतीची वाट बंद झाल्यावर दाब वाढून डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा पुन्हा गळती होऊ शकते. म्हणून डोळ्यांचा पडदा तपासणे, गरजेनुसार ॲसिटाझोलामाइड (हे पाणी कमी तयार व्हावे म्हणून देतात ते औषध) आणि वजन कमी करणे हा उपचाराचाच भाग मानावा.

उत्तर (कागल):
माझ्या पत्नीची हीच शस्त्रक्रिया झाली आहे. नंतर काही आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, शौचाला जोर करायचा नाही आणि जड उचलायचे नाही, हे घरातल्या सर्वांनी मिळून सांभाळावे लागते. आषाढात टेंबलाई देवीला नव्या पाण्याचा कलश नेण्याची आपल्या आईंची प्रथा असेल, तर यंदा तो दुसऱ्या कोणी घ्यावा.

उत्तर (शाहूपुरीचे तज्ज्ञ):
शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत ताप, तीव्र डोकेदुखी किंवा मान ताठरल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.