डॅटवरून (डिजिटल ऑडिओ टेपवरून) कॉम्प्युटरवर घेताना ‘टक्’ येतं

प्रश्न (म्हार्दोळ): चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) बाबांनी घुमटाच्या, म्हणजे मातीच्या तालवाद्याच्या, साथीने म्हटलेल्या आरत्या डॅटवर आहेत. मशीनचा कोॲक्सियल (डिजिटल) आउटपुट ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या यंत्राला, जोडलाय, केबल टीव्हीची पिवळी. आवाज येतो, पण दर काही सेकंदांनी ‘टक्’! बाबा आता नाहीत आणि टेप एकच आहे हो.

उत्तर (फोंडा): पिवळी केबल ७५ ओहमचीच असते, चालेल. इंटरफेसचं क्लॉक ‘इंटर्नल’वर असणार, ते ‘एसपीडीआयएफ’वर, म्हणजे त्या केबलमधून येणाऱ्या डिजिटल सिग्नलवर, न्या. दोन यंत्रं आपापल्या घड्याळावर चालली की मधले सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मापं) निसटतात.

उत्तर (माशेल): टेपचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) ४८ किलोहर्ट्झ की ४४.१, बघा, कॉम्प्युटरवरचा रेकॉर्डिंग प्रोजेक्ट त्यावरच ठेवा. आणि दादा, जुनी टेप पुन्हापुन्हा फिरवू नका.

म्हार्दोळ: क्लॉकच होतं! टेप ४८ची निघाली. पहिल्या थापेआधी बाबा खाकरले, तेही स्वच्छ ऐकू आलं. हेडफोन आता आईकडे आहे.