चारेन्त्स आणि जमिनीत पुरलेली हस्तलिखिते

आर्मेनियन साहित्याच्या हानीविषयीच्या चर्चेत, ऑटोमन राजवटीने आर्मेनियन विचारवंतांविरुद्ध चालवलेल्या १९१५ च्या अटकसत्रात बळी गेलेल्या दानिएल वारूझान आणि सियामान्तो या कवींचा उल्लेख आला आहे, तो योग्यच आहे. मात्र ही हानी तिथेच थांबली असा समज होऊ नये, म्हणून एघिशे चारेन्त्स यांच्याविषयी थोडी भर घालतो. १८९७ साली जन्मलेला आणि आज तुर्कीत असलेल्या कार्स शहरात वाढलेला हा कवी क्रांतीवर मनापासून विश्वास ठेवून बोल्शेविकांच्या लाल सैन्यात दाखल झाला आणि १९३७ साली त्याच सोव्हिएत राजवटीच्या, आर्मेनियाची राजधानी येरेवानमधील तुरुंगात मरण पावला.

त्याच्या ‘संदेश’ या १९३३ मधील कवितेतील ओळींची दुसरी अक्षरे वरून खाली वाचत गेल्यास, आर्मेनियन जनतेची एकमेव मुक्ती तिच्या एकत्रित शक्तीत आहे, असे वाक्य तयार होते. पहिली अक्षरे वापरली असती तर ही क्लृप्ती कोणाच्याही लक्षात आली असती. दुसरे अक्षर निवडण्यात कवीचा सगळा धूर्तपणा आहे, आणि मला तर त्याच्या भारदस्त दीर्घकवितांपेक्षा ही चलाखीच अधिक भावते.

अटकेनंतर त्याचे नाव घेणेही धोक्याचे असताना रेगिना गझारियान या तरुण चित्रकर्तीने त्याची हस्तलिखिते बागेत पुरून ठेवली. १९५४ साली त्याच्यावरील कलंक अधिकृतपणे दूर होऊ लागल्यावरच ती उजेडात येऊ शकली. पुढे स्वतंत्र आर्मेनियाच्या हजार द्रामच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले. कबर मात्र अद्याप सापडलेली नाही.