निवडुंगावरील पिठ्या ढेकणांचा कायमचा बंदोबस्त कसा करावा?

माझ्याकडे पुण्यात पूर्वेकडच्या खिडकीत सहा वर्षांपासून मॅमिलेरिया जातीचा एक निवडुंग आहे. गेल्या महिन्यापासून त्याच्या काट्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले असून, कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा वाढल्यामुळे (या किडीच्या गोड स्रावाकडे मुंग्या येतात) हे पिठ्या ढेकूणच असावेत, याविषयी मला फारशी शंका उरलेली नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने मी ते दोनदा टिपून काढले. परंतु दाट काट्यांमुळे बोळा आतपर्यंत पोहोचत नाही (बोटे मात्र रक्तबंबाळ होतात) आणि आठवडाभरात पुंजके पुन्हा दिसतात.

काल कुंडीच्या तळाच्या छिद्रापाशीही पांढरी भुकटी आढळल्याने कीड मुळांपर्यंत गेली असावी, अशी भीती वाटते. अशा वेळी रोप उपटून, मुळे धुऊन, काही दिवस सावलीत सुकवून नव्या कोरड्या मातीत लावावे, की ऐन पावसाळ्यात तसे केल्यास ते कुजेल? निमतेल फवारल्यानंतर उन्हामुळे डाग पडतात, असा कोणाचा अनुभव आहे का? घरात मांजर असल्याने आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारे) कीटकनाशक मला शक्यतो टाळायचे आहे. शेजारच्या कोरफडीलाही आताच वेगळे ठेवावे का, हेही कृपया सांगावे.