स्लग म्हणजे शंख काढून ठेवलेली गोगलगाय नव्हे!

पारसिककर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पावसात शंख काढून फिरते ती स्लग, ऊन पडलं की परत शिरते." वर अंगठ्यांचा पाऊस! अहो, शंख म्हणजे काय रेनकोट? गोगलगाय अंड्यातून निघते तीच शंख घेऊन, आणि तो आतून स्नायूने जोडलेला असतो. उपटलात तर मरेल. स्लग, म्हणजे या बिनशंखाच्या, मुळात वेगळ्या. त्यांचंही एक घराणं नाही, अनेक कुळांत शंख आपापला आक्रसत गेलाय. लिमॅक्स नावाच्या स्लगच्या पाठीत त्याची चपटी चकती अजून सापडते. आपल्या कुंडीखाली असते ती काळपट, पाठीवर फिकट रेघ असलेली स्लग म्हणजे लेव्हिकॉलिस. तिच्यात आतही काही नाही.

कोपरीचे काका: शंख दिसला तर गोगलगाय, नाही तर स्लग. संपलं. बीएस्सीला 'पल्मोनाटा', म्हणजे फुफ्फुसवाल्या गोगलगायी-स्लगचा गट, घोकून घेतलं, आता म्हणे तो गटच मोडीत. आफ्रिकन गोगलगायीचं नावही बदललं, अचाटिनाची लिसाचाटिना झाली. उद्या आमचं आडनाव बदलाल.

येऊरची पायवाट: काका, मोडीत निघाला कारण 2010 च्या सुमारास जनुकं तपासली तेव्हा काही समुद्री स्लग त्यांच्याच भावकीत निघाल्या. उलट सह्याद्रीतली सायक्लोफोरस गोगलगाय, शंखाच्या दाराला झाकण लावणारी, ती यांची जवळची नव्हेच. जमिनीवर स्वतंत्रपणे आलेली. दिसण्यावर जाऊ नका.

तळमजला, घणसोली: ते राहू द्या. माझा मोगरा एका रात्रीत फस्त! मीठ टाकलं, फेस येऊन मेल्या. आणि मोगराही गेला.

पारसिककर: कुंडीत मीठ?! जाणार नाही तर काय!

तळमजला, घणसोली: तुम्ही सातव्या मजल्यावरून बोला. आमच्या कमिटीला तीनदा सांगितलं, पाला उचला. पेव्हर ब्लॉकला पैसे आहेत.

कोपरीचे काका: खरा दोष त्या शंखांच्या अभ्यासक बेन्सनसाहेबाचा. 1847 मध्ये मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगाय कलकत्त्याला आणली. निस्तरतोय आपण.

येऊरची पायवाट: मोगरा कुणी खाल्ला, शंखवालीने की बिनशंखाच्या?

तळमजला, घणसोली: मेलेल्यांना विचारू? शंख नव्हता.

येऊरची पायवाट: मग बेन्सन सुटला. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखालच्या वेचा. हातमोजे घालून, त्यांच्यातून मेंदूला त्रास देणारे जंत येऊ शकतात.

कोपरीचे काका: बरं बाई, घराणी वेगळी असतील. मी 'बिनशंखाची'च म्हणणार.

पारसिककर: म्हणा. शंख 'काढून ठेवलेली' तेवढं म्हणू नका.

तळमजला, घणसोली: गोणपाट कुठे मिळेल? आमचा वाणी आता प्लास्टिकच्याच गोणी देतो.