सोल जॅझ ऑर्गन: तेव्हाची हिट गाणी वाजवलेल्या रेकॉर्डी सुचवा

रात्रपाळी:
मंडळी, जिमी स्मिथचं 'बॅक ॲट द चिकन शॅक' ऐकल्यापासून हॅमंड ऑर्गनचं वेड लागलंय. आता साठच्या दशकातल्या सोल जॅझच्या (ब्लूज-गॉस्पेलचा ठेका असलेलं जॅझ) अशा रेकॉर्डी हव्यात, ज्यात ऑर्गनवाल्यांनी रेडिओवर गाजणारी गाणी वाजवलीत. अट एकच: लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीला लावतात तसलं गुळगुळीत वाद्यसंगीत नको.

तिरकीट:
डोळे झाकून चार्ल्स अर्लंडचं 'ब्लॅक टॉक!' लावा. डिसेंबर १९६९, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं. त्यातलं 'मोअर टुडे दॅन येस्टरडे' म्हणजे स्पायरल स्टेअरकेसचं त्याच वर्षीचं हिट. मूळ गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, गोडगोड. अर्लंड ते अकरा मिनिटं चालवतो आणि कुठे पाणी घातल्यासारखं वाटत नाही. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा सोलो सोडा, फक्त बेस ऐका. बेसवाला नाहीच, ती चाल अर्लंड स्वतःच ऑर्गनवर धरून असतो.

रात्रपाळी:
बेस पायाने वाजवतात का? आमच्याकडे ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीताचा, भाता मारायचा.

उनाडपाखरू:
पायाखाली पेडल असतात खरे, पण जॅझवाले बरेचदा बेसची ओळ डाव्या हाताने खालच्या कीबोर्डवर वाजवतात आणि पेडलला नुसता टपका देऊन तिला ठोका आणतात. नाटकातल्या ऑर्गनचे सूर हवेवर बोलतात, हॅमंडमध्ये भाताच नाही. आत ९१ दातेरी चकत्या विजेवर फिरत असतात. आवाजाला जी घुमरी येते ती लेस्ली स्पीकरची, त्यात भोंगाच गरगर फिरतो.
माझ्याकडून रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्सचं 'मिस्टी' (१९६५, 'सोल मेसेज'). पियानोवाल्या एरॉल गार्नरची ती संथ, हळवी चाल यांनी चक्क पळवलीय, तरी बिघडली नाही. गंमत म्हणजे ड्रमरचं नाव जिमी स्मिथ, पण हा तुमच्या ऑर्गनवाल्यापेक्षा वेगळा!

पेटीवाला:
बुकर टी. अँड द एमजीज् या मेम्फिसच्या बँडचं 'मॅकलमोर ॲव्हेन्यू' कसं कोणी सांगितलं नाही? बीटल्सचं 'ॲबी रोड' आलं सप्टेंबर १९६९ मध्ये, आणि १९७० च्या पूर्वार्धात यांनी जवळजवळ अख्खं वाजवून मोकळं केलं. गाणी एकमेकांत ओवलीत, पहिला तुकडा पंधरा मिनिटांच्या वर जातो. कव्हरवर चौघं 'ॲबी रोड'च्या कव्हरसारखेच मेम्फिसमध्ये स्टॅक्स स्टुडिओसमोरचा रस्ता ओलांडताहेत.

तिरकीट:
पेटीवाले, रेकॉर्ड झकास आहे, पण ते जॅझ नव्हे. चाल सोडून लांब कोणी जातच नाही.

पेटीवाला:
नसू दे. त्यांच्या स्टीव्ह क्रॉपरची गिटार ऐकायला मला शिक्का लागत नाही.

रात्रपाळी:
भांडू नका हो 😄 अर्लंड ऐकलं, कानात बेसच घुमतोय. बीटल्सचं जॅझ अंगाने काही?

तिरकीट:
ग्रँट ग्रीन, 'आय वाँट टू होल्ड युअर हँड', ब्लू नोट कंपनी, १९६५. ऑर्गनवर लॅरी यंग, ड्रमवर एल्विन जोन्स, जो तेव्हा सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनसोबत वाजवत होता. अशी माणसं घेऊन ते पोरकट गाणं बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्याच्या चालीवर हलकं डोलतं. मला मूळापेक्षा हेच आवडतं, बीटल्सवाल्यांनी राग मानू नये.

उनाडपाखरू:
आणि शोधताना फक्त ऑर्गनवाल्यांची नावं टाकू नका, निम्मा माल हातचा जाईल. तिरकीट यांनी सांगितलेली रेकॉर्ड गिटारवाल्याच्या नावावर आहे. तसंच लू डोनाल्डसन या सॅक्सोफोनवाल्याचं 'मिस्टर शिंग-अ-लिंग' (१९६७). त्यात बॉबी जेंट्रीचं 'ओड टू बिली जो' आहे आणि ऑर्गनवर लॉनी स्मिथ. ड्रमवर लिओ मॉरिस असं नाव दिसेल, 'ब्लॅक टॉक!'वरचा इद्रिस मुहम्मद तो हाच.